यल्लव्वाचा यल्वीस

निपाणीत अकोळ रस्त्याला तंबाखूच्या वखारी आहेत. त्यातल्या एका वखारीत यल्लव्वा चाळणीवर बसायची. अमेरिकेतल्या एका माणसाच्या गाण्यांची अख्खी तबकडी तिला पाठ होती. पुढची बाजू, मागची बाजू, त्यानं श्वास कुठं घेतलाय त्या जागांसकट. इंग्रजी मात्र एक अक्षर येत नव्हतं. इंग्रजीच कशाला, सहीची वेळ आली की ती अंगठाच पुढं करायची आणि शाई लागली की कारकुनाला म्हणायची, "ह्यो बी काळा झाला बगा. आता ह्येला तरी शाळंत घाला."

ती मूळची बेळगावची. आई तानीबाई कॅम्पातल्या बंगल्यांतून धुणीभांडी करायची. यल्लव्वा मोठी झाली तशी आईनं तिला ब्रागांझा बाईंच्या घरी लावून दिलं. बाई एकट्या. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या आणि बाकीचे दिवस पलटणीतल्या साहेबांच्या पोरांना पियानो शिकवायच्या. पोराचं बोट चुकलं की त्याच बोटावर फूटपट्टी. बाईंचा दरारा असा, की पोष्टमनसुद्धा फाटकात आला की आधी सदऱ्याची बटणं लावायचा.

दुपारचं जेवण झालं की मात्र ह्याच बाई निराळ्या व्हायच्या. रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्यायच्या, पडदे ओढायच्या आणि कपाटातल्या चादरींच्या खालून एक तबकडी काढायच्या. बोटीवर कामाला असलेल्या भाच्यानं आणून दिलेली. कव्हरावर एक गोरा तरणाबांड गडी. केसांना तेल चोपडलेलं, एक बट कपाळावर सोडलेली आणि वरचा ओठ एका बाजूनं उचललेला.

"ह्येचा दात दुकतोय काय ओ, बाई?" यल्लव्वानं पहिल्या दिवशी विचारलं.

"दात नाही गो. तो हसतोच तसा. एल्व्हिस त्याचं नाव."

"यल्वीस? म्हंजी आमच्या यल्लम्माच्या नावाचा? माज्याच नावाचा हाय की मग!"

बाई खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "होय गो," म्हणाल्या, "तुझ्याच नावाचा." त्या दिवसापासून तो यल्लव्वाचा झाला.

बाईंनी तिला सांगितलं, की ही त्याची सगळ्यात मोठी गाणी आहेत, निवडून एकत्र केलेली. यल्लव्वानं एक ऐकलं, दोन ऐकली आणि म्हणाली, "मोटी कुटली? भाकरी भाजूस्तवर संपायलीत की." मग बाईंनी सांगितलं, ह्या प्रकाराला रॉक अँड रोल म्हणतात. रोल म्हणजे काय, ते दाखवायला त्यांनी फ्रॉकाचा घेर चिमटीत धरला आणि कंबर गोल फिरवली. यल्लव्वाला लगेच कळलं. तांदूळ रोळताना रोळी पाण्यात फिरवावी तसंच तर होतं ते. "रोळायचंच हाय न्हवं," ती म्हणाली, "त्येला काय शिकायचं?" आणि हातात झाडू घेऊन तिनं असं काही रोळून दाखवलं की बाई बघतच राहिल्या.

अडचण एकच होती. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई घरात बसून असली गाणी ऐकते, हे फादरना कळून चालणार नव्हतं. फादर सायकलीवरून वेळी-अवेळी चहाला यायचे. म्हणून दुपारी यल्लव्वाची नेमणूक फाटकापाशी. सायकल दिसली की खोकायचं. खोकला ऐकू आला की आत एल्व्हिस चादरीखाली आणि सुईखाली येशूच्या गाण्यांची तबकडी. ही व्यवस्था बिनबोभाट चालली. फक्त कधीमधी यल्लव्वाला उगाचच खोकला यायचा. मग ती खिडकीच्या फटीतून बघायची: बाईंची पळापळ, चादरीखाली कोंबलेली तबकडी, आणि शेवटी हात जोडून भक्तिभावानं बसलेल्या बाई. फादरचा पत्ताच नाही.

"काय गो, कुठं आहेत फादर?"

"फादर न्हाईत, बाई. खोकलाच आलता. खरंच आलता."

फाटकाशी बसून ऐकता ऐकता सगळी गाणी तिच्या तोंडात बसली. शब्द नव्हे, आवाज. उचकी लागल्यासारखं एक गाणं होतं, अंगाईसारखं हळू एक होतं, एक असं धावायचं की ऐकणाऱ्याला धाप लागावी. त्या धावत्या गाण्यावर एका जागी चरा पडला होता. सुई तिथं अडकायची आणि एकच तुकडा तीनदा म्हणून मग पुढं सरकायची. यल्लव्वानं गाणं पाठ केलं ते तीनदा म्हणूनच. पुढं कित्येक वर्षांनी एका दुकानातल्या रेडिओवर तेच गाणं लागलं आणि त्यानं तो तुकडा एकदाच म्हटला, तेव्हा ती दुकानदाराला म्हणाली, "ह्यो चुकला बगा. गडबडीत हाय वाटतं."

बहात्तर सालाच्या सुमारास तिचं लग्न निपाणीच्या सिद्रामशी झालं. सिद्राम तंबाखूचे बोद, ती भली मोठी पोती, उचलायचा. अंगानं आडवातिडवा, बोलायला कमी. नव्या नवरीनं चुलीपुढं बसून पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा तो दारात थबकला.

"ह्ये काय म्हनायलीस?"

"विंग्रजी गानं."

"म्हंजी काय त्यात?"

यल्लव्वानं रिकाम्या घागरीकडं बघितलं. "त्यात म्हनत्यात, नवऱ्यानं घागरभर पानी आनून दिलं तर कालवण चांगलं हुतंय."

सिद्राम निमूट घागर घेऊन गेला. अर्थाचं हे असं होतं. ज्या वेळी जो लागेल तो अर्थ ती काढून द्यायची. सासूला तिनं सांगून ठेवलं होतं की ही किरिस्तावांच्या देवाची गाणी आहेत. देव कुणाचा का असेना, म्हणून सासूही काही बोलली नाही.

वखारीत ती गेली ती शेजारच्या मनुबाईच्या ओळखीनं. काम सोपं दिसायचं. तंबाखू चाळायचा, काडी निराळी करायची, कूट निराळं. पण चाळणी हलली की खकाणा उठायचा. नाकातोंडात, डोळ्यांत, केसांच्या मुळांत. म्हणून तीस-चाळीस बायका नाकावरून फडकं बांधून ओळीनं बसायच्या. नुसते डोळे दिसायचे. खिडक्या होत्या, पण त्या उघडल्या तर वाऱ्यानं माल उडतो, असं मुकादमाचं म्हणणं.

मुकादम म्हणजे भावकू. किडकिडीत माणूस, ओठापेक्षा मिशी मोठी आणि बाराही महिने काखेत छत्री. पाऊस असो नसो, छत्रीचं काम निराळंच होतं. कुणाचा हात थांबला की छत्रीचं टोक शेजारच्या पत्र्याच्या डब्यावर ठण्ण करून वाजायचं. बायका त्याच्यावर गाणी रचायच्या. त्याच्या चालण्यावर एक, मिशीवर एक, छत्रीवर तर चांगलं लांबलचक. फडकी बांधलेल्या तोंडांतून गाणं कुठून येतंय, हेच त्याला कळायचं नाही. ह्या कोपऱ्यात धावला की त्या कोपऱ्यातून यायचं. शेवटी त्यानं हुकूम काढला.

"आजपासनं वखारीत मराठी गानं बंद!"

दुसऱ्या दिवशी मनुबाईनं कन्नड सुरू केलं. तिचं माहेर हुक्केरीकडं. पण भावकूची आई कन्नडच बोलायची, त्याला शब्दन् शब्द कळला आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कन्नड बंद. मग हिंदी झालं, तेही बंद. दोन दिवस वखार मुकी. नुसत्या चाळण्यांचा खसखस आवाज आणि शिंका.

तिसऱ्या दिवशी यल्लव्वानं फडक्याआडून ते धावणारं गाणं सोडलं.

भावकू जागच्या जागी उभा राहिला. "ह्ये काय गं?"

"देवाचं हाय, अण्णा. किरिस्तावांचं."

देवाला बंदी कशी घालायची? भावकू डोकं खाजवत निघून गेला. आठवड्याभरात सगळ्या बायकांनी ते गाणं उचललं. चाळणीच्या लयीत ते फार छान बसायचं, एक झोका इकडं, एक झोका तिकडं, आणि कूट भराभर खाली. फक्त त्या चऱ्याच्या जागी, जिथं सुई अडकायची, तिथं मूळ शब्दाऐवजी यल्लव्वानं दुसरा एक बसवला होता. तो तंतोतंत बसला.

"भावकू, भावकू, भावकू!"

आणि मग चाळीस चाळण्या एकदम खस्स!

"माजं नाव का येतंय गं देवाच्या गान्यात?"

"तुमचं न्हवं, अण्णा. तेंच्यात भावकू म्हंजी स्वर्ग."

भावकूला हे पटलं असं नाही. पण छत्री काखेत मारून तो पुढं सरकला.

सत्त्याहत्तर साली नागपंचमीला यल्लव्वा माहेरी बेळगावला गेली. कॅम्पात जाऊन बाईंना भेटायचं हा तिचा नेहमीचा शिरस्ता. फाटकापाशी पोचली आणि थबकली. भर दुपारी खिडक्या सताड उघड्या होत्या, पडदे बाजूला केलेले आणि रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं यल्वीस गात होता. तिला वाटलं बाई म्हाताऱ्या झाल्या, विसरल्या. ती धावत पायऱ्या चढली.

"बाई, खिडक्या! फादर आलं तर?"

"येऊ देत." बाई खुर्चीत बसल्या होत्या. हातात रुमाल. "तो गेला गो, यल्लू. पेपरात आलंय. बेचाळीसच वय."

यल्लव्वा दारातच बसली. ह्या माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, तो काय म्हणतो ते तिला कधी कळलं नव्हतं. तरी तिला तिथून उठवेना. दोघींनी मिळून पुढची बाजू ऐकली, मग मागची. चऱ्यापाशी सुई अडकली तेव्हा दोघी एकमेकींकडं न बघता रडल्या. थोड्या वेळानं खरंच फादर आले, सायकल भिंतीला लावून. दारात उभं राहून त्यांनी शेवटचं गाणं पुरं ऐकलं आणि म्हणाले, "चहा मिळेल का?" त्यांना हे सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. यल्लव्वाचा खोकला अख्ख्या गल्लीला ऐकू यायचा.

निपाणीला परत आल्यावर वखारीत तिनं बायकांना सांगितलं. चाळण्या थांबल्या. कुणीतरी डोळ्याला पदर लावला, कुणी च्च् च्च् केलं. भावकू छत्री वाजवत आला.

"काय झालं? हात का थांबलं?"

"वारला, अण्णा," यल्लव्वा म्हणाली.

"कोन?"

"यल्वीस. यल्लूच म्हना. माज्याच नावाचा. लई लांब असायचा."

"लांब म्हंजी? हुबळीकडं?"

"त्येच्या बी पलीकडं."

"वय काय हुतं?"

"बेचाळीस."

भावकू स्वतः एक्केचाळीसचा. त्याचा चेहरा पडला. "आरारा. काय करायचा?"

"गात हुता, अण्णा. गावभर फिरून गायचा. लोक लई जीव टाकायचे त्येच्यावर."

भावकूनं टोपी काढली. मुकादम कडक होता, पण मयताच्या बाबतीत मऊ. "जा गं तू घरला," तो म्हणाला. "आनि सोबतीला कोन पायजे ते घिऊन जा."

यल्लव्वानं मागं वळून बघितलं. सोबतीला सगळ्याच उठल्या. तीस-चाळीस बायका माना खाली घालून, पदर तोंडाला लावून ओळीनं वखारीबाहेर पडल्या, कोपरा वळल्या आणि मनुबाईच्या परसात चिंचेखाली बसून त्यांनी दिवसभर यल्वीसची झाडून सगळी गाणी म्हटली. सुतक असं पाळलं.

आता हे इथंच मिटायचं, पण भावकूला वाईट वाटलं होतं ते खरंखुरं. संध्याकाळी हॉटेलात त्याला परशराम मास्तर भेटले. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. भावकू त्यांना सांगू लागला: आमच्या वखारीतल्या यल्लव्वाचा पाव्हणा गेला, यल्वीस का यल्लू, बेचाळीसचाच, गाणारा होता, लोक जीव टाकायचे. मास्तरांनी कप खाली ठेवला. पेपर ते रोज वाचायचे.

"मुकादम, तो अमेरिकेत गेला."

"कवा गेला? मेला न्हवं का?"

"अहो, तो अमेरिकेतच होता. रॉक अँड रोलचा राजा म्हणतात त्याला. कंबर हलवून गायचा."

भावकूचा चहा गार झाला. एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात लागत गेली. म्हणजे पाव्हणा नाही. म्हणजे सुतक नाही. म्हणजे ती देवाची गाणीही नाहीत. आणि मग त्यात "भावकू, भावकू, भावकू" हे काय आहे?

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांना घेऊन वखारीत हजर झाला. "म्हन," त्यानं यल्लव्वाला फर्मावलं. "सगळं म्हन. मास्तर, शब्द सोडू नगा. काय शिव्या घालायली ती मला, त्ये आज कळूदे."

यल्लव्वानं एकदा मास्तरांकडं, एकदा दाराकडं बघितलं. पण गाणं म्हणायला सांगितलं तर म्हणणार नाही ती यल्लव्वा कसली? तिनं फडकं सारखं केलं आणि सुरुवात केली. मास्तर खकाण्यात उभे. कान टवकारून ऐकत होते, कपाळाला घाम. त्यांना एक शब्द कळत नव्हता. कळणार कसा? बाईंच्या बंद खिडकीतून फाटकापर्यंत आलेलं आणि तिथून निपाणीपर्यंत आलेलं ते इंग्रजी होतं. पण कळत नाही असं म्हणावं तर मुकादम गावभर करणार, की हायस्कुलाच्या इंग्रजी मास्तरला इंग्रजी येत नाही. मास्तरांना शिंका लागल्या. एक, दोन, मग धरबंदच नाही. एवढ्यात गाण्यात कुठंतरी 'लव्ह' असं ऐकू आलं आणि बुडत्या माणसानं दोर धरावा तसा मास्तरांनी तो शब्द धरला.

"प्रेम!" ते शिंकेच्या आधी म्हणाले.

"काय?"

"प्रेमाचं आहे. आक्छी! सगळं प्रेमाचंच."

"आनि माजं नाव?"

"ते... आक्छी! ते प्रेमातच येतं."

मास्तर नाक धरून पळाले. भावकू तिथंच उभा. छत्री हळूहळू काखेतून सरकली आणि खाली पडली, ती त्यानं उचललीसुद्धा नाही. यल्लव्वाला वाटलं, आता हा ओरडणार. पण त्यानं नुसतं तिच्याकडं बघितलं, लगेच दुसरीकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला तो नवी टोपी घालून. छत्री नाही. कानात अत्तराचा फाया. बायकांच्या ओळीतून जाताना त्यानं खोकून विचारलं, "खकाणा लई हुतोय काय गं? खिडक्या उघडू?"

वर्षानुवर्षं मागून मिळाल्या नव्हत्या त्या खिडक्या धाडधाड उघडल्या. वारा आत आला. मनुबाईनं नाकावरचं फडकं खाली ओढून लांब श्वास घेतला आणि यल्लव्वाच्या कानात पुटपुटली, "आता चहाचं गानं हाय काय गं त्या यल्वीसचं?"

"गप बस."

"आगं पर गार पान्याचं तरी?"

दोन दिवसांत सावलीला पाण्याचे माठ आले. चहाची सुट्टी झाली. बायकांची चंगळ आणि यल्लव्वाचा जीव टांगणीला. भावकू बोलत काही नव्हता, वावगं वागतही नव्हता. गाण्याच्या वेळेला फक्त खांबाला टेकून उभा राहायचा आणि "भावकू, भावकू, भावकू" आलं की जमिनीकडं बघून हसायचा. तिला त्याचा राग यायचा, नंतर नंतर कीवही यायला लागली. आयुष्यात ह्या माणसाचं नाव कुणी प्रेमानं घेतलं नसणार, असं तिच्या मनात यायचं.

पण सिद्रामच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जायच्या आधी आपणच सांगावं, म्हणून तिनं जेवताना सगळं सांगून टाकलं. सिद्राम भाकरी मोडत ऐकत राहिला. 

"त्या गान्यात खरं काय म्हनतोय त्यो?" त्यानं शेवटी विचारलं.

"मला काय ठावं? मी पाठ केलतं, तेवडंच."

"मग त्या भावकूचं कशाला? माजं नाव घाल की."

"बसत न्हाय," यल्लव्वा म्हणाली. "घालून बगितलं मी. सिद्राम जड हुतंय."

"मग सिदू म्हन."

तिनं म्हणून बघितलं. बसलं. सिद्रामनं ताट बाजूला सारलं आणि कधी नव्हे तो एवढ्या मोठ्यानं हसला की सासू बाहेरून काय झालं म्हणून आत आली.

खरी गंमत पुढच्याच आठवड्यात झाली. नवऱ्याची नवी टोपी, अत्तर आणि घरात विसरलेली छत्री हे सगळं भावकूच्या बायकोनं, गुणाबाईनं बघितलं होतं. चौकशी करता तिच्या कानावर आलं, की वखारीतली कोण एक यल्लव्वा भावकूचं नाव घेऊन गाणी म्हणते. भावकू मालक शेठाकडं गेला असल्याची वेळ साधून गुणाबाई तीच छत्री हातात घेऊन वखारीच्या दारात उभी राहिली. बाई भावकूच्या दुप्पट.

"यल्लव्वा कोन गं?"

चाळीस फडकी, चाळीस जोड्या डोळे. कुणी हललं नाही.

"कोन ती? का एकेकीचं फडकं सोडू?"

यल्लव्वा उठली. फडकं सोडून खांद्यावर टाकलं. "मी हाय, आक्का."

गुणाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हन त्ये गानं. माज्या समोर म्हन."

यल्लव्वानं म्हटलं. पहिल्यांदा हळू, मग लयीला लागली. मागून एकदोघींच्या चाळण्या आपोआप हलायला लागल्या. आणि ती जागा आली. थांबावं असं तिच्या मनात होतं, पण सवयीचं तोंड थांबेना. तिच्याबरोबर सगळी वखार बोलली.

"भावकू, भावकू, भावकू!"

गुणाबाईचा छत्रीचा हात वर गेला. वरच राहिला. लग्न होऊन तिला एवढी वर्षं झाली होती आणि नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याशिवाय एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. घरात "अवं", "ऐकलं काय", "पोरांचं बाबा". बाजारात कुणी विचारलं तर ती शेजारणीला पुढं करायची. आणि इथं ह्या बाया तेच नाव चिंचेच्या गोळीसारखं चघळत होत्या, तेही तीनतीनदा.

"परत म्हन," ती म्हणाली.

यल्लव्वानं परत म्हटलं.

गुणाबाईनं छत्री भिंतीला टेकवली. मनुबाईच्या शेजारी हळूच बूड टेकलं. "विंग्रजी हाय न्हवं ह्ये?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"व्हय, आक्का."

"म्हंजी विंग्रजीत म्हटलं तर नाव घेटल्यागत हुतंय काय?"

चाळण्या थांबल्या. यल्लव्वाचे डोळे चमकले. "छे छे. विंग्रजीत त्येला सगळं माफ हाय."

भावकू परत आला तेव्हा वखारीतून गाण्याचा आवाज येत होता. तो मिशीवरून हात फिरवत, टोपी सारखी करत दारातून आत आला. ओळीच्या मधोमध त्याची बायको बसलेली. हातात चाळणी, पदर कमरेला खोचलेला, डोळे मिटलेले. आणि त्या चऱ्याच्या जागी बाकी सगळ्या मुद्दाम थांबल्या, म्हणून गुणाबाईचा एकटीचाच आवाज वखारभर घुमला.

"भावकू! भावकू! भावकू!"

तिनं डोळे उघडले. समोर नवरा. जीभ चावली, पदर तोंडात कोंबला आणि मग तिला आणि सगळ्या वखारीला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. भावकू दारात खांबासारखा उभा. त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते सांगता येणार नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "घरला चल गं. पोरं यायची झाली शाळंतनं." आणि टोपी काढून घाम पुसला.

यल्लव्वा दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी गेली. त्याला एकट्याला गाठून तिनं सांगितलं, की अण्णा, प्रेमबीम काही नव्हतं, तुमची चेष्टाच होती. भावकूनं टोपी सारखी केली. मग म्हणाला, "मला बी कळलं हुतं गं हळूहळू. पर ऐकाय बरं वाटायचं." नंतर आवाज चढवून, "खिडक्या उघड्याच ऱ्हाऊद्यात. त्या काय कुनावर मेहेरबानी म्हनून न्हाईत," असं म्हणून तो पुढं गेला.

छत्री काखेत परत आली, पण डबा वाजायचा कमी झाला. घरी आता गुणाबाई भाकऱ्या थापताना इंग्रजी गायची.

परशराम मास्तरांना मात्र शिंकांआडून मारलेली ती थाप सलत राहिली होती. काही वर्षांनी, चौऱ्याऐंशी सालच्या स्नेहसंमेलनाला, ते स्वतः यल्लव्वाच्या दारात आले. "यल्लव्वा," म्हणाले, "शाळेत इंग्रजी गाणं म्हणायला कुणी नाही. बेंगळूरहून शिक्षणखात्याचे साहेब येणार आहेत."

"अर्थ सांगाय लागंल काय, मास्तर?"

"अर्थ नको," मास्तर घाईनं म्हणाले. "नुसतं म्हण."

ती इरकली लुगडं नेसून स्टेजवर उभी राहिली. अंगाईसारखं ते हळू गाणं तिनं निवडलं होतं. माईकमधून आवाज निघाला तशी मागं शेंगा फोडणारी पोरंसुद्धा गप्प झाली. गाणं संपल्यावर साहेब टाळ्या वाजवत हेडमास्तरांकडं झुकले आणि मराठी फार गोड भाषा आहे असं कन्नडात म्हणाले. हेडमास्तर मराठी. त्यांना इतका वेळ ते गाणं घाटाखालच्या कुठल्याशा कन्नडातलं वाटत होतं. त्या वर्षी भाषेवरून गावात आधीच वातावरण तापलेलं, म्हणून दोघांनीही जास्त खोलात न जाता हसून माना हलवल्या. मास्तर पडद्यामागं तोंडावर रुमाल धरून उभे होते.

सिद्राम पहिल्या रांगेत बसला होता, परीटघडीचा सदरा घालून. घरी जाताना तो चौकापर्यंत दोन पावलं पुढं चालला. हॉटेल दिसल्यावर थांबला. यल्लव्वाला हॉटेलात बसवून चहा पाजायची त्याची ही पहिलीच वेळ.

"दोन चहा," त्यानं सांगितलं. "आनि भजी. गरम द्या. बायको गाऊन आलीया."

हॉटेलवाल्यानं यल्लव्वाकडं बघितलं. "व्हय? काय गातासा?"

सिद्रामनं तिला बोलूच दिलं नाही. बाकावर पुढं सरकून बसला, दोन्ही कोपरं टेबलावर ठेवली आणि बेळगावच्या एका बाईंपासून सुरुवात करून त्यानं, आयुष्यात जास्त न बोललेल्या त्या माणसानं, भजी गार होईपर्यंत सगळं सांगितलं. मधे मधे चुकत होता. यल्लव्वा बशीत चहा ओतून फुंकर घालत ऐकत राहिली, आणि एकदाही तिनं त्याला दुरुस्त केलं नाही.